बेवारस नारळ

प्रल्हाद राऊळ हा वेंगुर्ल्याचा माणूस, आणि वेंगुर्ल्याचा माणूस दुसऱ्याच्या माडाखाली पडलेला नारळ उचलत नाही. प्रामाणिकपणा हे त्याचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं, की त्या एका नारळावरून पुढे किती वर्षं कोर्टकचेरी चालेल याचा त्याला पक्का अंदाज असतो. प्रल्हादला तर घरचाच अनुभव होता. बांधावरच्या चार माडांसाठी त्याचे वडील सख्ख्या भावाशी अठरा वर्षं भांडले आणि निकाल न बघताच गेले.

दोन हजार आठ साली प्रल्हाद मेलबर्नला कुकरीचा कोर्स करायला आला. त्या काळात तिथे अर्धी पोरं कुकरी शिकत आणि उरलेली हेअरड्रेसिंग. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर पुन्हा कांद्याला हात लावायचा कुणाचाच विचार नव्हता. मग सरकारने नियम बदलले आणि बहुतेकांची फजिती झाली. प्रल्हादला स्वयंपाक खरोखरच येत होता, म्हणून तो तरला. क्वीन्सलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या हॉटेलने त्याला स्पॉन्सर केलं. दोन वर्षं तिथे काढली की पीआर पक्का. त्याने बायकोला, विमलला, बोलावून घेतलं. "समुद्र आहे, माड आहेत, अगदी आपलंच गाव," असं फोनवर सांगितलं. किमतींचं तेवढं बोलायचं राहून गेलं.

बेटावर सगळं मंगळवारच्या बोटीने यायचं, आणि बोटीचं भाडं भाजीच्या डोक्यावर बसूनच दुकानात शिरायचं. फ्लॉवर नऊ डॉलर. कोथिंबीर निम्मी काळी, तरी चार. राहत्या खोलीचं भाडं पगारातून आधीच कापलेलं. गोठवलेल्या खोबऱ्याची वीतभर पिशवी सहा डॉलरला पडे, आणि खिडकीबाहेर ओळीने माड उभे. विमलने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "खाली पडलेत त्यातले दोन आणू?"

"नको. कुणाचे आहेत ठाऊक नाही. व्हिसाला डाग लागायचा."

"मग विचारा ना कुणाला तरी."

विचारलं म्हणजे डोळा असल्याची कबुली दिली, असा वेंगुर्ल्याचा कायदा. त्याने विचारलं नाही.

चौथ्या महिन्यात विमल शांतपणे म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात परत जाते. रागाने नाही हो. दोघांचं इथे भागत नाही. तुम्ही एकटे असलात तर हॉटेलातच जेवाल, तेवढा उरलेला काळ निघेल."

हिशोब बरोबर होता. त्यातली एक रक्कम मात्र तिने तोंडाने उच्चारली नाही. दर महिन्याला दोनशे डॉलर गावी थोरल्या भावाकडे, दत्तात्रयकडे जात होते, त्या चार माडांच्या वकिलासाठी. एकदा तिने तो विषय काढला होता, तेव्हा प्रल्हाद दोन दिवस जेवला नव्हता. आता तिने गप्प राहावं आणि त्यालाही काही बोलता येऊ नये, याची त्याला लाज वाटली. मेलबर्नमध्ये त्याने एकट्याने दिवस काढले होते. ते पुन्हा काढायची ताकद त्याच्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिफ्टला जाताना त्याला माडांखाली कौन्सिलचा ट्रक दिसला. डॅरिल नावाचा तिथला कामगार क्रेनच्या पाळण्यात उभा राहून नारळांचे घड कापत होता आणि खाली ट्रकमध्ये टाकत होता.

"टुरिस्टांच्या डोक्यात पडतात, मेट," डॅरिल वरून म्हणाला. "दर तीन महिन्यांनी उतरवायचे आणि टिपवर फेकायचे."

"कचऱ्यात?" प्रल्हादने विचारलं.

"हवेत का तुला? ने सगळे. माझी एक खेप वाचेल."

"पण हे आहेत कुणाचे?"

असं डॅरिलला आजवर कुणी विचारलं नसावं. त्याने जरा विचार केला. "झाडांचे असतील," तो म्हणाला. "नो वरीज."

हॉटेलची ट्रॉली मागून प्रल्हादने दोन खेपांत बावन्न नारळ घरी आणले. विमल दारातच थबकली.

"कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

तिने एक नारळ सोलून फोडला आणि सुरीच्या टोकाने खोबरं उकरायला बसली. प्रल्हाद पायरीवर टेकला. आधी त्याला हसू आलं, मग डोळे भरून आले. कोर्टाच्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची पिशवी काखेत धरून पहिल्या एसटीला उभे राहणारे वडील त्याला दिसत होते. अठरा वर्षं गेली होती माणसाची. त्याने खिशातून फोन काढला.

"दादा, केस मागे घे. चारही माड काकांना देऊन टाक."

"डोकं फिरलं काय तुझं? बाबा मरेपर्यंत लढले त्याच्यासाठी."

"म्हणूनच सांगतो. यापुढे माझ्याकडून पैसे येणार नाहीत. मला ते घरात लागतात."

विमलने हाताला चिकटलेलं खोबरं पदराला पुसलं आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

"दादा, मी विमल. वहिनींना सांगा, कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर माझा खोबरं खवायचा आडाळो पाठवा. सुरीने खोबरं नीट निघत नाही."