बुडाच्या झाकणावरचा लाल ठिपका

मालकीणबाईंची आणि माझी ओळख त्यांच्या बंदुका दुरुस्त करण्याच्या कारखान्यात झाली. मी तेथे झाडलोटीचे काम धरले आणि सगळे मला मावशी म्हणू लागले. पहिल्याच सकाळी बाईंनी फेकलेली एक लोखंडी डबी माझ्या डोक्यावरून गेली आणि मागच्या भिंतीचा गिलावा घेऊन खाली पडली. ती माझ्यासाठी नव्हती. दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने ती आणली होती आणि "जरा घासूनबिसून चालवून घ्या" असे ते म्हणाले होते.

"चालवून घ्यायला ती काय तुमची सोयरीक आहे?" बाई म्हणाल्या. "उचला आणि निघा."

त्या डबीला मॅगझिन म्हणतात. शिकारीच्या बंदुकीत ते खालून बसते. त्यात काडतुसे एकावर एक राहतात आणि तळाची स्प्रिंग त्यांना वर ढकलते. एक बार उडाला की बंदुकीच्या बाजूचा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे ओढून पुढे सारायचा, म्हणजे पुढचे काडतूस नळीत जाते. ते वर आलेच नाही, तर माणसाच्या हातात नुसती काठी उरते.

बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर त्यांना तशी हाक मारी. नवरा वारल्यानंतर कारखाना त्या दोघांनी चालवला. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दीर शाळेत जात होता. त्याला त्यांनीच वाढवले आणि पुष्कळदा बदडून वाढवले. तो बाप्या झाला तरी त्या चिडल्या की हाताला येईल ते फेकत, पक्कड असो, कानस असो. एकदा तर भरलेली किटली फेकली होती. तो सवयीने मान खाली घाली आणि काम पुढे चालू ठेवी.

मॅगझिन निवडण्याची वहिनींची रीत कडक होती. पत्रा त्या चिमटीत दाबून पाहत. तोंडाच्या दोन्ही कडांना त्या ओठ म्हणत. ते सारखे आहेत की नाहीत, हे अंगठ्याने चाचपत. मग मैदानावर नेऊन प्रत्येक मॅगझिन पुन्हा पुन्हा भरून रिकामे करीत. एकदा जरी काडतूस अडले, तरी ते शिकारीतून बाद होई. त्या म्हणत, "बाकावर बसून चाललं त्याचं मला कौतुक नाही. जनावर अंगावर आल्यावर चाललं पाहिजे."

बाद झालेली मॅगझिने मात्र त्या टाकून देत नसत. त्यांच्या बुडाच्या झाकणाला लाल रंगाचा ठिपका लावून ती वेगळ्या फळीवर ठेवत आणि त्यांच्याकडे नेमबाजी शिकायला येणाऱ्या शिकाऊ लोकांच्या बंदुकीत मुद्दाम घालत. अडलेली बंदूक मोकळी करायला हात शिकावा, हा त्यांचा उद्देश होता. शिकणारा गोंधळला की पाठीत धपाटा बसे.

बुडाचे हे झाकण सरकवून काढता येते. धुण्याच्या वेळी झाकण आणि स्प्रिंग काढून सर्व सुटे करतात. एकाचे झाकण दुसऱ्याला बसते, हेही आम्हांला ठाऊक होते. परंतु खूण झाकणावर आहे आणि दोष डबीच्या अंगात आहे, याचा विचार कोणी केला नाही.

त्या वर्षी माझ्या भावाच्या मक्यात रानडुकरे शिरली. त्यांनी राखणीच्या कुत्र्याचे पोट फाडले आणि शेजारच्या म्हाताऱ्याला बांधावर लोळवले. भावाने डुकरे मारण्याचा सरकारी परवाना काढला आणि वहिनींच्या दिराला बोलावले. दिराने आदल्या दिवशी कारखान्यातली सारी मॅगझिने एकाच घमेल्यात रॉकेल घालून धुतली, पुसली आणि झाकणे घालून ठेवली. सकाळी बिनठिपक्याचे एक घेऊन तो शेतात आला. वहिनीही आल्या. त्याला एकटे सोडणे त्यांना जमत नसे.

मजुरांनी पलीकडून डबे बडवले. एक मोठा नर मका मोडत बाहेर आला. दिराने पहिला बार टाकला तो खांद्यात लागला. डुक्कर वळले आणि सरळ त्याच्यावर आले. त्याने बोल्ट ओढला, सारला, चाप दाबला. नुसता टक असा आवाज झाला. त्याने पुन्हा ओढला. तेवढ्यात डुकराने त्याला उडवले आणि सुळा गुडघ्यापासून मांडीपर्यंत ओढला. पांढरे हाड मी पाहिले. तो दोन्ही हातांनी त्याचे तोंड ढकलत होता आणि ते जनावर पुन्हा पुन्हा मांडीतच डोके घुसवत होते.

वहिनी धावल्या. दिराची पिशवी बांधावर होती. तीतून त्यांनी एक काडतूस घेतले, पडलेली बंदूक उचलली, काडतूस हातानेच नळीत घातले आणि नळी डुकराच्या कानाला टेकवून बार उडवला. रक्त आणि हाडाचे तुकडे त्यांच्या तोंडावर उडाले. ते पुसण्यासही न थांबता त्यांनी जनावराला लाथेने बाजूला केले आणि दोन्ही मुठी जखमेत दाबल्या.

"मरून तर दाखव, मेल्या! तंगडी तोडीन तुझी."

"तेवढं काम झालंय, वहिनी," तो म्हणाला. "शिव्या जरा हळू दे, बायका ऐकतायत."

पाय मांडीपासून कापावा लागला. त्याच संध्याकाळी वहिनींनी बंदुकीतले मॅगझिन उघडले. काडतुसांखालची, स्प्रिंगवर बसणारी चकती तिरकी होऊन अडकली होती. धुताना झाकणांची अदलाबदल झाली होती; डबी बाद झालेली होती आणि झाकण चांगल्याचे होते. चांगले मॅगझिन लाल ठिपका लावून शिकाऊंच्या फळीवर बसले होते. वहिनींनी ठिपक्यांची सगळी मॅगझिने ऐरणीवर ओतली आणि घणाने ठेचली. चांगलेही त्यांतच गेले. एका गिऱ्हाइकाने त्यांचा हात धरला, तर त्याच्या नाकावर कोपर बसले.

दीर शुद्धीवर आला आणि त्याला सगळे समजले. त्याने जखमेची पट्टी ओरबाडून काढली, टाके उसवले, नर्सला ढकलून पाडले. अन्न तोंडात घेईना. "झाकणं मी घातली," एवढेच तो म्हणे.

"खूण मी चुकीच्या जागी केली," वहिनींनी त्याला सांगितले.

"दादाचा रेडिओ मी फोडला, तेव्हाही 'मी फोडला' म्हणाली होतीस. मार तू खाल्लास. आताही तेच करतेस." त्याने भिंतीकडे तोंड केले.

डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले की, आणखी एकदा टाके तुटले तर रक्त थांबवता येणार नाही. वहिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. मी पाणी दिले ते त्यांनी घेतले नाही.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तुम्ही आत जा. खूण डबीच्या अंगावर करायला हवी होती, ती वहिनीनं केली नाही, असं त्याला सांगा. माझ्या तोंडून तो खरं मानत नाही."