शेजारच्या सीटचा झोळ

माझे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं सोफे आणि गाड्यांच्या सीट शिवत आले. सगळे त्यांना कुशनमास्तर म्हणतात. माणूस तसा गरीब गाय, पण कामात चूक दिसली की डोकं फिरायचं. कुणाच्या घरी गेले तरी आधी सोफ्याची शिवण चाचपून बघायचे, मग यजमानांना नमस्कार करायचे. ताई लाजून अर्धी व्हायची.

पण या मास्तरांनी स्वतःच्या गाडीच्या सीट मात्र कधी बदलल्या नव्हत्या. गाडी त्यांनी लग्नाआधी घेतली, तेव्हाच ती जुनी होती. ताई गेली ती याच गाडीत, त्यांच्या शेजारच्या सीटवर. तिच्या छातीत दुखायला लागलं, भावजींनी गाडी काढली, माझी भाची मागे बसली. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांपूर्वीच सगळं संपलंय. त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून भाचीने त्या गाडीत पाय ठेवलेला नाही.

आता ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना. तिने सरळ सांगितलं, "बाबा, गाडी काढून टाका. माझं बाळ मी त्यात बसवणार नाही."

भावजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "सगळ्या सीट नव्या करतो. मग एकदा बसून बघ. नाहीच जमलं तर देऊन टाकू."

"बघू," ती म्हणाली. तेवढ्या एका शब्दावर त्यांनी सीट सोडवून हॉलमध्ये आणून मांडल्या.

मी पडदे शिवते, मशीन मला कळतं, म्हणून दुपारी मदतीला जायचे. मागची लांब सीट आणि ड्रायव्हरची सीट आठवड्यात झाल्या. गडद लाल रेग्झिन, पायपिंग अगदी सरळ. राहिली शेजारची. ती खिडकीजवळ ठेवली होती. ताई नेहमी भावजींच्या बाजूला कलून बसायची आणि सीटवरचा खड्डाही तसाच एका बाजूला कललेला होता. मी येता-जाता त्या सीटला वळसा घालायचे. भाची तिच्याकडे पाठ करून जेवायची. खोटं कशाला सांगू, भरदुपारी मला तिथे भीती वाटायची.

भावजींनी जुना काथ्या काढला, स्प्रिंगा ताणून बांधल्या, नवा फोम घातला. कव्हर चढवलं आणि बघतो तर एका बाजूला ढिलं! कारागीर याला झोळ म्हणतात. जुनं कव्हर उसवून त्यावरून नवं बेततात, पण जुनं कापड बसून बसून ताणलेलं असतं. ते ताणलेलं मापून आत घ्यावं लागतं, नाहीतर जुन्या माणसाची बैठक नव्या सीटवर उतरते. शिकाऊ माणसाची चूक आहे ही. भावजींनी यावरून किती जणांना रडवलं असेल.

"काय मास्तर, झोळ?" मी हसून म्हटलं.

"हात चुकला," म्हणाले, आणि उसवायला बसले.

दुसऱ्यांदा तेच. त्याच जागी, त्याच बाजूला कललेलं. नव्याकोऱ्या सीटवर कुणी दिसत नव्हतं, पण कापड दबल्यासारखं दिसत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भाचीने दारातूनच पाहिलं आणि आत निघून गेली.

तिसऱ्या वेळी मी त्यांच्या पाठीशी उभी राहिले. खडूची रेघ सगळीकडून नीट आत आली. ताईच्या बैठकीने आलेल्या बाकापाशी आली आणि आत न वळता जुन्या, ताणलेल्या कडेवरूनच गेली. हात अजिबात चुकत नव्हता.

माझं डोकंच सरकलं. "हा काय झोळ लावलाय भावजी? लेकीला गाडीत बसवायचंय ना तुम्हाला?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "ती आहे तिथे."

"कोण?"

"तुझी ताई. डॉक्टर काहीही सांगू देत. मी गाडी चालवत तिला एकेक सांगत होतो. आता दुकानं संपली, आता पूल येईल, आता वळण आहे, घट्ट धर. ती प्रत्येक वेळी 'हं' म्हणत होती. पार दवाखान्याच्या फाटकापर्यंत म्हणत होती. पंधरा मिनिटांपूर्वी गेली होती, तर मग कोण म्हणत होतं, सांग ना."

ती सीट माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"मी."

भाची मागे उभी होती. आमच्या घरात ताईचा, माझा आणि हिचा आवाज एकच. फोनवर भावजींची नेहमी फसगत व्हायची.

"मी म्हणत होते, बाबा. आईची मान कलली. मी मागून गळ्याला हात लावला तेव्हाच मला कळलं. तुम्ही गाडी भरधाव हाकत होतात. तुम्हाला सांगितलं असतं तर आपली गाडी कुठे गेली असती? तुम्ही म्हणालात, पूल येईल, म्हणून मी आईसारखं 'हं' केलं. मग मला थांबताच येईना. त्या सीटकडे बघितलं की मला आई नाही दिसत. तिच्या आवाजात खोटं बोलणारी मी दिसते."

दीड वर्ष पोरगी हे एकटी पोटात घेऊन फिरत होती. मी मावशी म्हणवून घेते, मला पत्ताही नव्हता.

"वळणावरचं?" भावजींनी विचारलं.

"मीच."

"फाटकापाशी?"

"तेही मीच."

त्यांनी सीटवर हात ठेवला. "मग तिचं शेवटचं कुठलं?"

"तुम्ही म्हणालात, दुकानं संपली. त्यावर म्हणाली ती आई."

भावजी जमिनीवर बसले. "दुकानं संपली," ते पुन्हा पुन्हा स्वतःशीच म्हणत होते, आणि मग लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. भाचीला खाली वाकता येत नव्हतं, ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कव्हर परत बेतलं. त्या बाकापाशी अर्धा इंच आत घेतलं आणि कात्री चालवली. सीट ताठ बसली, एक सुरकुती नाही. माझी बहीण त्या घरातून तेव्हा गेली असं मला वाटलं.

रविवारी भाची स्वतःहून पुढे बसली, मी मागे. दुकानांमधून जाताना भावजी एक शब्द बोलले नाहीत. दुकानं संपली, तरी गप्पच. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता पूल येईल."

भावजींचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळले होते. 'हं' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं आणि माझा आवाज ताईचाच आहे. मी पदर तोंडात कोंबला.

"दिसतोय मला, बाबा," भाची म्हणाली.