चंदनाचा ब्लॉग आणि अण्णाप्पांची पाटी

चंदना चौगुलेला कुणी कधी घरात कोंडून ठेवलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण ही हकिकत ऐकली की लोक लगेच तिच्या सासऱ्याच्या नावानं बोटं मोडतात. अण्णाप्पा चौगुले म्हणजे अगदी देवमाणूस. नवरा अभिनंदन कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर, तोही गरीब स्वभावाचा. तिला कशालाच कुणी 'नाही' म्हणायचं नाही. त्या घराचं घड्याळच इतकं पक्कं होतं की 'नाही' म्हणायची वेळ यायची नाही.

मी सुष्मिता. शाहूपुरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार अकरा सालची गोष्ट. नोकरीसाठी सर्टिफिकेट पाहिजे म्हणून पोरापोरींची ही गर्दी असायची. चंदना पस्तिशीची, तिला नोकरी करायची नव्हती. कशाला शिकायचंय, असं मी फॉर्म भरताना विचारलं.

"दुपारी दोन ते तीन मला काम नसतंय," ती म्हणाली.

तिच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक दगडी पाटी टांगलेली होती. जैनांच्या बऱ्याच घरांत सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, नंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. अण्णाप्पा रोज सकाळी मंदिरातून आले की पंचांग बघून त्या पाटीवर खडूनं त्या दिवशीच्या सूर्यास्ताची वेळ लिहायचे. गल्लीतले लोक जाता-येता डोकावून वेळ बघायचे. हुपरी, रुकडीचे पाहुणे फोन करून विचारायचे, "अण्णा, आज किती?" सासू गेल्यापासून स्वयंपाक एकट्या चंदनाच्या अंगावर. पाटीवर पाच अठ्ठावन्न असलं की पाचला ताटं, सहाला ओटा धुऊन कोरडा.

"सहाला माझ्या घरात रात्र होतीया, ताई," ती मला म्हणाली होती. "आणि झोप येतीया दहाला. मधल्या चार तासात मी काय करू?"

अभिनंदननं घरी कॉम्प्युटर आणि नेटची लाइन घेतली होती. त्या चार तासांत ती सवलतीच्या साइट धुंडाळायला लागली. पार्लर निम्म्या दरात, पोहायचा क्लास, मातीची भांडी शिकवणारी कुठली तरी बाई. सगळं पुण्या-मुंबईचं. क्लासातही तेच उघडून बसायची. मी चेष्टा करायचे, "काय चौगुलेबाई, आज पुण्यात कुठं पोहून आला?" तीही हसायची. पण ती साइट बंद करायची नाही, एकेक पान शेवटपर्यंत वाचायची. ते बघून मला कसंतरीच व्हायचं.

या सगळ्यावर तिला लिहावंसं वाटलं, म्हणून मी तिला ब्लॉग काढून दिला. नाव तिनंच ठेवलं, 'माझा कोपरा'. खातं मी उघडलं, पासवर्ड म्हणून तिनं हॉस्टेलात शिकणाऱ्या मुलीचं नाव दिलं, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. स्वतःचं नाव तिनं कुठंच घातलं नाही. कोल्हापूरचंही नाव नाही. आणि लिहायची काय! ज्या कूपनांचा आपल्याला उपयोग नाही त्यांच्यावर एकेक पान. वाचून मी क्लासात एकटीच हसत बसायचे.

दिवाळीच्या सुमारास एका साइटवर पहिल्यांदाच कोल्हापूरचं काही तरी आलं. स्टेशन रोडवरच्या मोठ्या हॉटेलात दोघांचं बफे जेवण निम्म्या दरात, तीस नोव्हेंबरपर्यंत. तिनं ते माझ्या कार्डावरून घेतलं, रोख पैसे तिथल्या तिथं माझ्या हातात ठेवले, आणि कूपन माझ्याच प्रिंटरवर काढलं. घडी पडू नये म्हणून वहीत घालून नेलं.

दोन दिवसांनी आली ती तोंड पाडून.

"ताई, हॉटेलात फोन केल्ता. संध्याकाळचं जेवण कधी मिळतंय इचारलं. साडेसातला म्हनाला."

"मग? संध्याकाळचं जेवण तेव्हाच असतं की."

"मला वाटलं, पाचला."

मी कपाळावर हात मारला. कूपनावर वेळ छापलेली होती. पण लग्नाआधी आणि लग्नानंतर जिनं संध्याकाळचं जेवण उजेडातच पाहिलं, तिनं ती ओळ वाचायची तरी कशाला? साडेसात म्हणजे तिच्या घरी चूल थंड होऊन दीड तास झालेला.

"राहू दे, परत कर," मी म्हटलं.

"न्हाय. मी जानार. जेवनार न्हाय, पानी पन घेनार न्हाय. नुसती बसनार. दिवे लागल्यावर लोकं बाहेर कशी बसत्यात, बघायचंय मला."

अभिनंदनला तिनं विचारलं. तो म्हणाला, "जाऊ की." तो कशालाही जाऊ की म्हणायचा. पण या वेळी तिनं तारीख पक्की करून घेतली. शेवटचा दिवस, तीस नोव्हेंबर. आणि त्या आनंदात ब्लॉगवर सगळं लिहून टाकलं. हॉटेल, साडेसात, आणि सोप्यातली पाटी: 'आमच्या घरी दिवस कधी संपणार हे रोज सकाळी खडूने लिहिलेले असते. मी ते वाचते आणि पिठाचा डबा काढते.'

इथंच फसली. नाव लपवलं, गाव लपवलं, आणि पाटी लिहिली. ती पाटी अख्ख्या नात्यात एकाच घरात होती. अण्णाप्पांचा पुतण्या बेंगळुरात कॉम्प्युटरवाला, त्यानं वाचलं आणि काकांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी अण्णाप्पा माझ्या क्लासच्या दारात. पांढरी टोपी, हातात छत्री. मी भांडायच्या तयारीनंच उठले.

"मॅडम, तुमीच शिकवलंसा व्हय आमच्या चंदनाला?"

"व्हय," मी म्हटलं.

"लई झ्याक केलंसा!" ते मोठ्यानं म्हणाले. पोरं माना वळवून बघायला लागली. "पुतण्या म्हनतोय, काका, तुमची पाटी जगात दिसतीया. मी इचार केला, पाव्हण्यांनी रोज फोन कशाला करायचा? तीच टाकंल की वेळ रोज त्याच्यावर."

असं झालं ते. रागावले असते तर मी भांडले असते, मला भांडता येतं. कौतुकाशी कसं भांडायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा दिवसांत 'माझा कोपरा'चं नाव 'सूर्यास्त वेळ' झालं. रोज चारशे-पाचशे माणसं बघायची, पार बेळगावपर्यंतची. अण्णाप्पांनी पाटीवर लिहायचं बंद केलं. आता पंचांग बघून वेळ चंदनाच टाकायची. जुन्या लिखाणाबद्दल ते एवढंच म्हणाले, "ते हॉटेलचं तेवढं काढ बाळ, बरं दिसत न्हाय." तिनं ते काढलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं काढून टाकलं. अभिनंदन म्हणाला, "आता कसं जायचं गं? सूर्यास्ताची वेळ सांगनारी बाईच दिवे लागल्यावर हॉटेलात दिसली तर लोकं काय म्हनतील?" हेही त्यानं मायेनंच सांगितलं.

तीस नोव्हेंबरला ती दोन वाजता आली नाही. साडेतीनला अण्णाप्पांचा फोन आला.

"मॅडम, घोटाळा झालाय! चंदनानं आज वेळ साडेसात टाकलीया. चौकडनं फोन यायला लागल्यात. तिला बदलायला सांगतोय, तर म्हनतीया पासवर्ड आठवंना. तुमच्याकडं असंल न्हवं?"

मी पान उघडलं. 'आजचा सूर्यास्त: सायंकाळी ७.३०.' बास, एवढंच. ती हॉटेलातल्या जेवणाची वेळ होती, मला पुरतं कळलं. पासवर्ड तिच्या मुलीच्या नावाचा होता, तो कुठली आई विसरेल?

वही माझ्या पुढ्यात होती. वही सापडत नाही म्हणता आलं असतं. क्लास चालू आहे, सहानंतर बघते म्हणता आलं असतं. कुणी उपाशी मरणार नव्हतं. वेळ चुकलीय हे सगळ्यांना कळलंच होतं, म्हणून तर फोन येत होते. पण अण्णाप्पा फोनवर थांबले होते. दोन-तीनदा 'मॅडम, मॅडम' म्हणाले, आणि माझ्या तोंडून गेलं, "हो हो, करते." साडेसात पुसून मी त्यांनी सांगितलेलं ५.५८ टाकलं. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी ती आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"तुमी वेळ बदललीसा?"

"व्हय."

"मला वाटलं, तुमी तरी सहापतोर थांबशीला," ती म्हणाली, आणि ते कूपन माझ्या टेबलावर ठेवून गेली. घडी पडलेली नव्हती.

दोन ते तीनची तिची खुर्ची मी महिनाभर कुणाला दिली नाही. ती आली नाही. ब्लॉगवर मात्र रोज सकाळी आठच्या आत वेळ पडायची, आणि ती परत एकदाही चुकली नाही.