कॅलिब्रेटरला हळदीकुंकू

आमच्या अणदूरच्या फोटो स्टुडिओत रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामांचा. फोटो मी काढणार, कॉम्प्युटरवर मी बसणार, प्रिंटरची मिजास मी सांभाळणार आणि प्रिंट सोडायच्या आधी मामा पाठीमागं हात बांधून स्क्रीनसमोर उभे राहणार. "जरा निळा वाढव," एवढंच म्हणायचं आणि चहाला जायचं.

पहिली काही वर्षं त्यांचं बरोबर असायचं, हे मी खुल्या दिलानं मान्य करते. पण अलीकडं निळा वाढवून वाढवून आमचे नवरदेव विहिरीतून काढल्यासारखे दिसायला लागले. त्यात हे खंडोबाचं गाव. इथं रंगाची परीक्षा एकच, भंडारा. जागरण-गोंधळाचा अल्बम बघून एका गिऱ्हाइकानं शांतपणे विचारलं, "ताई, आमी भंडारा उधळला हुता का ज्वारीचं पीठ?"

मामा म्हणाले शाई भेसळीची, मी म्हणाले स्क्रीन खोटं बोलते. भांडण मिटवायचं तर मोजणारं काहीतरी हवं, म्हणून मी शोधायला बसले. एक सॉफ्टवेअर प्रिंटरबरोबर फुकट आलेलं. दुसरं प्रिंटरचा सगळा कारभारच हातात घेणारं, पण किंमत प्रिंटरच्या वर. तिसरं यंत्र स्क्रीन तर मोजायचंच, वर छापलेल्या कागदावरचे रंगांचे चौकोनही वाचायचं. लग्नाचा शालू घेतानासुद्धा मी एवढी चिकित्सा केली नव्हती. शेवटी सोलापूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, कागद आपण दोनच वापरता. त्यांचे प्रोफाइल, म्हणजे कुठल्या कागदावर कुठली शाई किती त्याचा हिशेब, कंपनी फुकट देते. आधी स्क्रीन खरी करा." पटलं. प्रिंटरचं फुकटचं सॉफ्टवेअर ठेवलं आणि फक्त स्क्रीन मोजणारा कॅलिब्रेटर मागवला.

मोठ्या लिंबाएवढी वस्तू, पोटाला काचेचा डोळा. ती स्क्रीनवर लटकवायची. स्क्रीन एकामागून एक रंग दाखवते, हा डोळा ते मोजतो आणि सॉफ्टवेअर चूक दुरुस्त करतं. मामांनी खुर्ची ओढून सगळा सोहळा बघितला.

"बीपी बघतंय का काय स्क्रीनचा?"

"तसंच समजा, मामा."

काम संपलं, स्क्रीन माझ्या डोळ्याला स्वच्छ दिसायला लागली. मामांनी नाक मुरडलं. "कावीळ केली की गं तुझ्या मशीननं. पांढरं हाय का ह्यात कुठं?"

पण भंडारा भंडाऱ्यासारखा छापून आला, गिऱ्हाइकं खूश झाली आणि मामा मागं येऊन उभे राहायचे बंद झाले. दुकानाच्या पायरीवर बसायला लागले. बोलावलं तर म्हणायचे, "मशीन हाय की आता. आमचं काय काम?" म्हणायचे हसून, पण हातातला चहा गार होत असायचा. मला फार वाईट वाटायचं. वाटायचं आणि रागही यायचा, कारण बरोबर तर मीच होते.

मग खंडेनवमी आली. घरातली हत्यारं पुजायचा दिवस. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पाटावर कॅमेरे, ट्रायपॉड, कागद कापायचा कटर मांडला, शेजारी कॅलिब्रेटर. कॅमेऱ्याच्या भिंगाला बोट लावायचं नाही, हे मामांनी त्यांना पूर्वीच ओरडून शिकवलं होतं. कॅलिब्रेटरबद्दल कुणीच काही शिकवलं नव्हतं.

दसरा झाल्यावर सॉफ्टवेअरनं पुन्हा मोजायची आठवण केली. मी यंत्र लटकवलं, मापं घेतली आणि बघते तर काय, स्क्रीन नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी. डोक्याला हात लावून बसले, तेवढ्यात मामा पायरीवरून आत आले. बऱ्याच दिवसांनी पाठीमागं उभे राहिले.

"आता कसं. आता दिसतंय पांढरं. म्हणत हुतो का न्हाय?"

मी यंत्र काढून उलटं केलं. काचेच्या डोळ्यावर बोटभर हळद, त्यावर कुंकू. मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच थांबलं. यंत्र हळदीतून बघत होतं, म्हणून त्याला निळा कमी भासला आणि त्यानं तो ओतला. मामा तरी रोज दुसरं काय करत होते?

"मामा, ह्याच्या डोळ्यावर हळद आहे. तुमच्या डोळ्यावर काय आहे?"

दारातून आत्या म्हणाल्या, "मोतीबिंदू. दुसरं काय? ताटातलं मीठ दिसंना झालंय, पर सांगायचं कुणी?"

मामा खुर्चीवर बसले. "मला भ्या वाटतं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "डोळ्याला हात लावला आन् रंगच गेला, तर माझ्याजवळ ऱ्हातं काय?"

मी हळद पुसली, स्क्रीन पुन्हा मोजली आणि सोलापूरला डॉक्टरांकडं ऑपरेशनसाठी मामांचं नाव नोंदवलं.

आधी एक डोळा झाला, आत नवं भिंग बसलं. पट्टी निघाल्यावर मामा थेट दुकानात आले, स्क्रीनवर कोरं पान उघडायला लावलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. असं लहान पोरासारखं किती वेळ चाललं होतं. "ह्या डोळ्यानं तुझं खरं," ते म्हणाले, "आन् ह्यानं माझं." मग भिंतीवरच्या नमुन्याच्या निळसर फोटोंकडं वळले. "सगळ्या गावाला हुडहुडी भरवली की गं म्या. थांबवायचं तरी."

"तुम्हाला कोण थांबवणार, मामा?"

दुसराही डोळा झाला. आता ते परत माझ्या मागं उभे राहतात, आणि कॅलिब्रेटर बरोबर असला तरी त्वचेच्या रंगात काहीतरी काढतातच. बहुतेक वेळा बरोबर काढतात, ह्याचा मला त्रास होतो.

पुढच्या खंडेनवमीला कॅलिब्रेटरच्या डोळ्याला त्यांनी स्वतः झाकण लावलं. आत्यांनी सगळ्या हत्यारांना हळदीकुंकू लावलं आणि ताट तसंच घेऊन मामांसमोर उभ्या राहिल्या.

"आता मला कशाला?"

"हत्यारच न्हव का," म्हणत आत्यांनी त्यांच्या कपाळाला बोट टेकवलं.

मामांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. "लाव. पर भिंगाला लावू नगस."