दादाचा जबडा

आमच्या दादाचा जबडा म्हणजे नारळ फोडायची पहार. कुस्तीत एका गुडघ्यानं त्याचा चुरा केला. दात म्हणे शेजारच्या गावात पडले. आता डॉक्टर नवा जबडा बसवणार होते. शेकडो कवट्यांच्या मापांवरून त्यांचा कॉम्प्युटर नवनवे चेहरे घडवत होता. माउस हलला की गाल फुगत, हनुवटी चेपे. कधीच न जन्मलेली माणसं जणू एकमेकांची थोबाडं फोडत पुढं येत होती. या मारामारीत आमचा दादा कुठं सापडायचा?

“हा बघा, अगदी सरळ,” डॉक्टर म्हणाले.

“सरळ? मग हा कुणाचा नवरा?” वहिनी कडाडली. “डावीकडं वाकवा. अजून. थांबा! याच जबड्यानं भांडतात हे माझ्याशी!”

पट्ट्यांत गुंडाळलेल्या दादानं खाटेवरच शड्डू ठोकला.