उशीखालची नोट

हॉटेलात तिला सगळे मावशी म्हणत. खोल्या आवरायचं काम तिनं जन्मभर केलं आणि माणसांची पारख जन्मभर त्यांच्या चादरींवरून केली. टॉवेलनं बूट पुसणारे, बेसिनमध्ये चहाचा गाळ ओतणारे, साबणासकट सगळ्या बाटल्या बॅगेत कोंबून वर काउंटरवर 'खोली स्वच्छ नव्हती' म्हणून नाक मुरडणारे, असे एकेक नमुने तिनं पाहिले होते. परदेशी पाहुणा समोर आला की ती तोंडभरून हसायची आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

या परदेशी पाहुण्यांत म्हणे एक रीत होती. खोली सोडताना आवरणाऱ्या बाईसाठी उशीखाली नोट ठेवायची. रीत छानच, पाळणारा एखादाच. बाकीचे कुणी आपल्या देशातली चिल्लर ठेवत, जी इथे वाणीही हातात घेत नसे. कुणी संपत आलेलं अत्तर ठेवी. एका जोडप्यानं तर चिठ्ठी ठेवली होती, 'आभार, पुन्हा नक्की येऊ.' मावशी म्हणाली, "पुन्हा येऊन काय करणार? टॉवेलच घाण करणार ना!" तरी खोलीत शिरलं की तिचा हात आधी उशीखाली जायचा. मग चादर, मग कचरा, मग बाथरूम. आपल्याच हाताचा तिला राग यायचा. इतक्यांदा फजिती होऊनही मेल्याला अक्कल म्हणून आली नाही.

नवरा परदेशी पाहुण्यांचीच बस चालवायचा. घरी आला की बूट काढायच्या आधी त्याचं पुराण सुरू. टीप बुडवणाऱ्यांना त्यानं नावं ठेवली होती. उतरताना फोन कानाला लावणारा तो फोन्या. रिकामे खिसे चाचपणारा तो चाचप्या. पैशांऐवजी मिठी मारणारा तो गळेपडू. मावशी भाजी चिरता चिरता ऐकायची. उशीची गोष्ट तिनंही दोनदा सांगायला घेतली होती. पहिल्यांदा त्याला जांभई आली, दुसऱ्यांदा बातम्या लागल्या. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं नाही. भिंतीशी बोलायची तिला हौस नव्हती.

एक मात्र मान्य करायला हवं, माणूस प्रामाणिक होता. पाहुणे उतरले की तो प्रत्येक सीटच्या फटीत हात घालून बघायचा. छत्र्या, चष्मे, एकदा तर कुणाची कवळी सापडली होती. सगळं ज्याचं त्याला नेऊन द्यायचा आणि मग आठवडाभर त्याचा डंका पिटायचा.

दोघं निवृत्त झाली तेव्हा लेकीनं आणि जावयानं त्यांना परदेशाच्या सहलीची तिकिटं काढून दिली. नवऱ्यानं गल्लीभर सांगितलं. मावशीनं मनातलं कुणालाच सांगितलं नाही. तिला राजवाडे बघायचे नव्हते, बोटीत बसायचं नव्हतं. तिला एकदा पाहुणी होऊन उशीखाली नोट ठेवायची होती. ज्या हॉटेलात उतरू तिथल्या बाईचा हात एवढ्या एका सकाळी तरी रिकामा बाहेर यायला नको. लेकीनं खरेदीसाठी दिलेल्या तिकडच्या पैशांतली सगळ्यात मोठी नोट तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली. खरेदी काहीच केली नाही.

सहलीत नवरा पाहुणा कसला, गुरुजीच होऊन बसला. नाश्त्याच्या टेबलावर एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, "इथे टीप कुणाकुणाला द्यायची हो?" झालं, स्वारी खुलली.

"आधी ड्रायव्हर. मग गाइड. मग बॅगा उचलणारा. वेटरलाही द्या, पण चिल्लर नको, अपमान होतो."

मावशी वाट बघत राहिली. यादी वेटरपाशीच थांबली.

"आणि खोल्या आवरणारे?" प्राध्यापकांनीच विचारलं.

"छे! त्यांना पगार असतो की. आणि ते दिसतात कुठे?"

पगार तर ड्रायव्हरलाही असतो, असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. तिनं पावाला लोणी इतक्या जोरात लावलं की पाव फाटला. "अगं, हळू," नवरा म्हणाला.

शेवटच्या सकाळी तो बॅगा घेऊन पुढे गेला. मावशीनं टॉवेल एका जागी गोळा केले, कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारली, चादरींच्या घड्या घातल्या. मग नोट उशीखाली ठेवली आणि तिचं टोक जरासं बाहेर काढलं, म्हणजे चादरींबरोबर धुलाईत जायला नको. खाली येऊन ती बसमध्ये खिडकीशी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

"जरा खोलीत नजर टाकून येतो, काही राहिलंय का," म्हणत नवरा उतरला. जन्माची सवय, जाते कुठे?

आला तो नोट झेंड्यासारखी नाचवतच. "बघा मंडळी! आमची ही उशीखाली नोट विसरून निघाली होती! मी नसतो तर?"

बसमध्ये टाळ्या पडल्या. प्राध्यापक म्हणाले, "याला म्हणतात ड्रायव्हरची नजर!" नवऱ्याची छाती फुगली. "आता ही आपल्या ड्रायव्हरसाहेबांनाच!" म्हणत त्यानं हात पुढे केला. मावशीनं तो मनगटाशी धरला, नोट काढून घेतली आणि बसमधून उतरली.

"अगं, बस सुटतेय!"

सुटू दे, मेली. ती जिना चढून वर गेली. खोलीचं दार उघडं होतं. आत तिच्याच वयाची एक बाई दाराकडे पाठ करून उभी होती. बाईचा हात उशीखाली गेला, क्षणभर चाचपडला आणि रिकामाच बाहेर आला. मग तिनं उशीचा अभ्रा ओढला.

मावशीला तिची भाषा येत नव्हती. तिनं नोट बाईच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटली. बाईनं चादरींच्या घड्यांकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि ओळख पटल्यासारखी हसली. मावशीचे डोळे भरून आले. स्वतःवर चिडतच तिनं ते पुसले.

बसमध्ये नवरा घुश्शात होता. "सगळ्यांचा खोळंबा केलास. आता आणखी काय राहिलं होतं?"

मावशी शांतपणे शेजारी बसली. "जन्मभर मी परक्यांच्या उशा उचलल्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही एकच उचललीत. आणि नोट बघा, तुम्हालाच मिळाली."

नवऱ्यानं प्राध्यापकांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग खिशातून फोन काढून कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता.