आक्का रडली नव्हती

आमच्या कलापथकाची पहिली कॅसेट सगळीच्या सगळी दुसऱ्यांबद्दल होती. गॅट करार, खासगीकरण, गावात नुकत्याच आलेल्या केबलवरच्या जाहिराती. बारा गाणी, आणि बारांत मिळून एकदाही 'मी' नव्हता. मला त्याचा अभिमान होता. मामा एका डाव्या संघटनेत होते, त्यांच्या शबनम पिशवीतली पत्रकं वाचत मी वाचायला शिकलो. पत्रकात 'आम्ही' असतो, 'मी' नसतो.

दुसरी कॅसेट करायचं ठरलं तेव्हा आमचा गिटारवाला म्हणाला, "ह्या बारीला घरचं लिही बे. सरकारला शिव्या देऊन झाल्या."

तो माझा अंबाजोगाईच्या कॉलेजातला मित्र. गिटार त्याची, शब्द आणि आवाज माझा, पण आमच्या गाण्यांत जीव ओतायचे ते चाचा. चाचा एरवी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. मोर्चाच्या गाण्याला वरातीचा ट्रंपेट लावायचा प्रयोग आमच्या भागात आम्हीच पहिल्यांदा केला असावा. लोक घोषणा द्यायला यायचे आणि नाचायला लागायचे. आषाढात लग्नं नसतात, चाचा मोकळे असतात, म्हणून तालमी त्याच महिन्यात, भर दुपारी, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना गाद्या टांगल्या होत्या आणि पंखा बंद ठेवायला लावायचा. आम्ही बनियनवर गायचो.

घरचं म्हणाल तर लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती. आक्काचं, माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी हुंड्यात मोटारसायकल दिली. मी हुंड्याविरुद्ध पत्रक छापलं, हळदीच्या दिवशी मंडपाच्या तोंडाशी उभं राहून वाटलं, आणि लग्नावर बहिष्कार टाकून चौसाळ्याला एका मित्राकडे निघून गेलो. त्यानंतर पंचमीला आक्काला माहेरी आणायलाही मी कधी गेलो नाही. चुलतभाऊ जायचा.

त्यावर मी गाणं लिहिलं. पाठवणीच्या वेळी नवरी रडतेय, भरल्या डोळ्यांनी भावाला शोधतेय. संथ चाल. पहिल्याच तालमीत गिटारवाल्यानं डोळे पुसले. मला वाटलं, जमलं.

चाचांनी ट्रंपेट मांडीवर ठेवला. "हे खोटं हाय."

"चाचा, गाणं आहे ते."

"गाणं आसंल. पण त्या लग्नात मी वाजवत होतो, तू नव्हता. तुजी बहीण रडली न्हाई."

मग त्यांनी सांगितलं. पाठवणीला रिवाजाप्रमाणे बँडनं रडवं गाणं धरलं, तशी नवरी बायकांच्या घोळक्यातून थेट त्यांच्यासमोर आली. म्हणाली, चाचा, हे बंद करा, नाचायचं वाजवा. बायकांनी तोंडाला पदर लावले. चाचांनी वाजवलं. नवरी हसत जीपमध्ये चढली. "आन् तुजा बाप," चाचा म्हणाले, "दिवसभरात तवा पयल्यांदा हासला."

"मला आजवर सांगितलं का नाही?"

"तू कदी इचारलं?"

रेकॉर्डिंग गुरुवारी ठरलं होतं. कॅसेटमधलं सगळ्यांत चांगलं गाणं तेच, आणि ते खोटं निघालं. आता आक्काला विचारल्याशिवाय ते ठेवणंही चूक आणि बदलणंही. ती नको म्हणाली तर गाणं फाडायचं, असं ठरवून मी मंगळवारी तिचं सासर, घाटनांदूर गाठलं.

आक्का दाजींच्या किराणा दुकानात तूरडाळ तोलत होती. बाहेर ती मोटारसायकल. मी उभ्यानंच गाणं वाचून दाखवलं.

"मी रडले आसं कोण म्हणलं तुला?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"तुला वाटलं." तिनं पुडीला दोरा गुंडाळला. "जो तो सकाळपासून आप्पांना इचारायचा, पोरगं कुठाय? मी रडले आसते तर आप्पा तिथंच मटकन बसले आसते. कुणीतरी हासायला पायजे होतं."

"हुंडा चूकच होता, आक्का." मला ते म्हणणं भाग होतं.

"मी कुठं बरोबर म्हणते? तुजं पत्रक वाचलं मी. लई चांगलं होतं. पण मंडपात उभा राहून भांडला आसतास तर मी पण भांडले आसते. तू चौसाळ्याला जाऊन बसलास."

मी हातातला कागद पुढं केला. "मग फाडू हे?"

"फाडतोस कावून? माजंच हाय की. पण रडकं नको. आन् तू नव्हतास ते घाल. कुठं होतास ते बी घाल."

दाजी मला स्टेशनवर सोडायला निघाले. मी त्या मोटारसायकलवर बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांना पुढं वसुलीला जायचं होतं, गाडी न्यायलाच हवी होती. म्हणून ते गाडी ढकलत माझ्याबरोबर चालले. अर्ध्या वाटेत घाम पुसत म्हणाले, "पाव्हणं, तत्त्व तुमचं आन् घाम माजा?" मी मागून धक्का दिला. बसलो मात्र नाही. अजूनही बसत नाही.

गुरुवारी दोनदा लाईट गेली, तिसऱ्या खेपेला गाणं पुरं झालं. चाल आता वरातीची होती, धावती. पहिल्याच ओळीत मी चौसाळ्यात मित्राच्या ओट्यावर चहा पीत बसलेला. 'मी' हा शब्द म्हणताना आवाज अडखळला, तो तसाच ठेवला. दोन ओळींच्या मधे चाचांनी तेच वाजवलं, जे आक्कानं त्या दिवशी वाजवायला लावलं होतं.

त्या पंचमीला तिला आणायला मी गेलो. कॅसेट घेऊनच. तिनं ती लगेच दुकानातल्या टेपला लावली आणि आवाज रस्त्यापर्यंत जाईल इतका वाढवला. साखर घ्यायला आलेली एक म्हातारी ट्रंपेट ऐकून थबकली.

"श्रावणात कुणाचं लगीन काडलं गं बाई?"

"लगीन कवाच झालं, मावशी," आक्का साखर तोलत म्हणाली. "भाऊ आत्ता पोचलाय."